ताटावरचं मौन

आमचे हे मुके आहेत असं कुणाला सांगितलं, तर अख्खं रामकुंड हसेल. पहाटे साडेपाचला धोतर नेसून, खांद्यावर पंचा टाकून हे घाटावर पोचतात आणि दुपारी बाराला घरी येईपर्यंत यांचं तोंड म्हणून मिटत नाही. तीर्थोपाध्यायाचं काम निम्मं मंत्रांचं आणि निम्मं गप्पांचं. सटाण्याकडचे यजमान आले की हे त्यांच्याशी अहिराणीत बोलणार, "काय भाऊ, कसं शे?" बिहारचे आले की त्यांच्या हिंदीत. गुजरातचे आले की मोडकंतोडकं गुजराती, आणि वर चूक झाली तर मोठ्याने हसणार. कुणाच्या आजोबांचं कोणतं श्राद्ध कुणी केलं, कुणाची आत्या कुठे दिली, सगळं तोंडपाठ. सिंहस्थाच्या कामांनी घाट उकरून ठेवलाय, तर त्या ठेकेदाराच्या माणसांनाही हे उभं राहून शिकवतात की पायरी कुठे घसरडी होते.

असा हा बोलघेवडा माणूस घरी येतो, पाय धुतो, सोवळं नेसतो, पाटावर बसतो, आणि मुका होतो.

ताट पूर्ण वाढलं की हे ताटाभोवती पाणी फिरवतात, उजव्या बाजूला भाताच्या शितांच्या चित्राहुती ठेवतात, तळहातावर पाणी घेऊन मंत्र म्हणून ते पितात. त्याला आम्ही आपोष्णी म्हणतो. ती झाली की शेवटचा घास संपेपर्यंत यांचं मौन. आणि मौन म्हणजे साधं नव्हे. मध्येच एक शब्द जरी तोंडातून गेला, तरी जेवण तिथेच संपलं. हात धुवायचा आणि उठायचं, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात काही नाही. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मुंजीत घालून दिलेला नियम. यांच्या वडलांचा, आजोबांचा, आणि त्याआधी कुणाकुणाचा. नाशकात आता असं जेवणारे फार राहिले नाहीत. जे राहिले त्यांतला एक माझ्या वाट्याला आला.

मग जेवताना काही हवं असलं तर? खुणा. चारी बोटं जुळवली की भात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की तूप. पालथा हात ताटावर धरला की बास. लग्न होऊन आले तेव्हा या खुणा शिकायला मला महिना लागला. एका वर्षी गॅसची नळी पेटली, शेजारच्या टॉवेलनेही पेट घेतला. मी ओट्याकडे पाठ करून पोळी वाढत होते, मला दिसली नाही, यांना दिसली. तर यांनी डाव्या हाताने पेला जमिनीवर आपटला. तीनदा आपटला. तोंड उघडलं नाही. मी गॅस बंद करून, जळका टॉवेल मोरीत टाकून येईपर्यंत हे भात कालवून तयार.

कुणी म्हणेल, जेवताना नाही तर जेवण झाल्यावर बोलत असतील. तेही नाही. हात धुतले, "अन्नदाता सुखी भव" म्हटलं, सुपारी तोंडात टाकली की विषय संपला. कसं झालं होतं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अन्नाला नावं ठेवू नयेत." बरं, नावं नका ठेवू, चांगलं म्हणा! तर म्हणे, आज चांगलं म्हटलं की उद्या न म्हणणं म्हणजे निंदाच होते. यावर काय बोलणार? मी अठ्ठावीस वर्षं विमा कार्यालयात नोकरी केली, रोज भल्याभल्यांशी हुज्जत घातली, पण या एका वाक्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

सासूबाई असताना याचा मला जो ताप झाला, तो मी कुणाला सांगितलेला नाही. त्या समोर बसून माझ्या स्वैपाकाचा पंचनामा करायच्या. पोळी चिवट आहे, भाजी पाणचट आहे, कढी फुटली आहे. "ऑफिसात जाणाऱ्या बायकांच्या हाताला चव कुठून येणार," हे तर आठवड्यातून तीनदा. आणि हे समोर बसून शांतपणे घास घेत राहायचे. मला वाटायचं, आज तरी मान वर करतील. नुसतं आईकडे बघतील तरी. पण ताटातली नजर ताटातच. माझ्या कढीसाठी कोण कशाला उपाशी राहील?

असं सगळं असताना आमच्या पोटी जन्मला तो स्वैपाकी.

यशोधन एकुलता एक. बी.एस्सी. झाला आणि म्हणाला, मी घाटावर बसणार नाही, मला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय. यांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. पुण्याला शिकला, मग आठ वर्षं जहाजावर होता. तिथल्या एका इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली तयार झाला. सुट्टीवर आला की घरी काहीतरी करून घालायचा. हे मौनात जेवायचे, अन्नदाता सुखी भव म्हणायचे, सुपारी टाकायचे. यशोधन दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा. यांची पाठ वळली की माझ्याकडे बघायचा आणि मी ओट्यावरून उगीच फडकं फिरवायची. घाटावर कुणी विचारलं, गुरुजी, मुलगा काय करतो, तर हे सांगायचे, "खाद्यव्यवसायात आहे." जसा काही धान्याचा घाऊक व्यापारी.

यंदा त्याने गंगापूर रोडला स्वतःचं इटालियन रेस्टॉरंट उघडलं. नाव 'पियात्तो'. म्हणजे ताट, म्हणे. संपूर्ण शाकाहारी. चीजसुद्धा कुठलं, त्यात दुधाशिवाय प्राण्याचं काही नाही ना, हे त्याने चार ठिकाणी विचारून आणलं. हे कुणासाठी ते मला कळत होतं. यांनाही कळत असणार.

उद्घाटनाचा मुहूर्त यांनीच काढला. पूजा यांनीच केली, नारळ यांनीच फोडला. खणखणीत आवाजात मंत्र म्हटले, आलेल्या सगळ्यांशी गप्पा मारल्या. यशोधनने पहिलं ताट यांच्यासाठी म्हणून वाढून आणलं, तेव्हा हे म्हणाले, "अरे, आज एकादशी."

मला चक्कर यायची बाकी राहिली. पोराच्या हॉटेलाचा मुहूर्त, काढणारा बाप, आणि काढला तो एकादशीला!

"अहो, तुम्हाला दुसरा दिवस सापडला नाही?" मी तिथेच विचारलं.

"चंद्रबळ चांगलं होतं," हे म्हणाले.

पाहुणे हसले. यशोधनही हसला. तो चांगला हसतो, हॉटेलवाल्याला हसावंच लागतं. मागच्या बाजूला, भांडी घासतात तिथे, मी त्याला गाठलं तर म्हणाला, "आई, मला त्यांच्याकडून कौतुक नको आहे. वाईट झालंय म्हणू देत. पण एकदा येऊन जेवू देत आणि एक शब्द बोलू देत. छत्तीस वर्षांचा झालो गं मी."

मी त्याला सांगितलं, आणते. त्याला सांगितलं नाही की मी एकेचाळीस वर्षं तोच एक शब्द शोधतेय.

तीन आठवडे मी यांच्या मागे लागले. यांची कारणं तयार. आज अमावास्या आहे, आज यजमानांकडे जेवण आहे, आज पोट जड आहे. शेवटी मी म्हटलं, येत्या बुधवारी मी घरी चूल पेटवणार नाही, जेवायचं तर पोराकडे. तेव्हा निघाले. धोतर, वर सदरा, पायात वहाणा. रिक्षा पुलावरून अशोक स्तंभाकडे निघाली तर तिथे रस्ता खोदलेला. अर्धा तास अडकलो. हे पूर्ण वेळ रिक्षावाल्याशी बोलत होते. त्याची दोन मुलं, मोठ्याचं शिक्षण, बायकोचं माहेर वणीचं. मी बाहेर बघत बसले. मनात म्हटलं, हेच तोंड ना?

पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. सहा-सात टेबलं भरलेली. यशोधन दारापर्यंत आला, वाकून नमस्कार केला. "बाबा, बसा, मी आत आहे, पायल बघेल तुमच्याकडे," म्हणाला आणि स्वैपाकघरात गेला. पायल म्हणजे तिथली वाढपाची मुख्य, पंचविशीची, काळा एप्रन, गोड बोलणारी. तिने सूप आणून ठेवलं.

हे हात जोडून बसून राहिले.

दोन मिनिटांनी पायल आली. "सर, सूप आवडलं नाही का?"

"ताट कुठे आहे?" हे म्हणाले.

"सर, आधी सूप, मग स्टार्टर, मग मेन कोर्स."

"मुली, ताट पूर्ण वाढल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. सगळं एकदम आण."

पायलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सूप निवून त्यावर साय धरली. मग आतून यशोधनच्या आवाजात काहीतरी ऐकू आलं, आणि पाच मिनिटांत एका मोठ्या पांढऱ्या ताटात सगळं आलं. भाजलेल्या पावाचे तुकडे, टोमॅटोच्या सॉसमधलं स्पॅगेटी, रिझोटो म्हणजे तो त्यांचा मऊ भात, आणि वाटीत गरम केलेलं सूप. काट्या-चमच्यांची पुरचुंडी यांनी उचलून माझ्या बाजूला ठेवली. "चीज कशाचं रे?" एवढं तेवढ्यात मोठ्याने विचारून घेतलं. "दुधाचंच, बाबा," आतून उत्तर आलं. मग ताटाभोवती पाणी फिरवलं, रिझोटोच्या शितांच्या चित्राहुती टेबलावर ठेवल्या, आपोष्णी घेतली. झालं. कुलूप लागलं.

पहिला घास तोंडात जायच्या आत पायल फडकं घेऊन आली आणि "सॉरी सर, सांडलं वाटतं," म्हणत तिने चित्राहुती पुसून टाकल्या. पाणीसुद्धा टिपून घेतलं. यांचे डोळे असे मोठे झाले! घाटावर असते तर यांनी तिला चित्राहुती म्हणजे काय इथपासून अर्धा तास सांगितलं असतं. पण आता बोलायची सोय नाही. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले, जसा काही फडका मी मारला.

"राहू दे गं," मी तिला म्हटलं. "ते जेवताना बोलत नाहीत. नियम आहे."

"ओह, ओके मॅम," ती म्हणाली. पण तिला कुणीतरी शिकवून ठेवलेलं असणार की दर पाच मिनिटांनी गिऱ्हाइकाला विचारायचं. ती आपली येतच राहिली. "सर, सगळं ठीक?" "सर, फ्लेवर कसा वाटतोय?" यांचं खाणं चालूच. शेवयांसारखं ते स्पॅगेटी पाची बोटांनी उचलून, मान जरा मागे करून, एक दोरा बाहेर न राहू देता खात होते. पलीकडच्या टेबलावरची दोन मुलं घास विसरून बघत होती. मी यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत होते. एकेचाळीस वर्षांच्या सवयीने सांगते, काहीही दिसत नव्हतं.

मग यांनी रिझोटोला हात घातला. एक घास घेतला, थांबले, आणि पायलकडे बघून अंगठा नि तर्जनी जुळवून गोल केला.

पायलचा चेहरा उजळला. "थँक यू सर!" म्हणून ती जवळजवळ धावत आत गेली. मला तिला थांबवता आलं नाही, माझ्या तोंडात पाव होता. आतून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "शेफ, सरांनी एकदम परफेक्ट सांगितलं! असं, असं केलं बघा!"

यशोधन बाहेर आला. हात पुसत, तोंडभर हसत. एवढा मोठा झालेला माझा पोरगा पाचवीत निकाल घेऊन आला होता तसा आला. यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तो गोल करून दाखवला, भुवया उंचावून. जरा घाईच्या आविर्भावात.

त्याच घरात वाढलेला मुलगा तो. त्याला काय सांगायला हवं होतं?

"तूप," तो म्हणाला. हसू तसंच ठेवून म्हणाला. "पायल, आत आपल्या डाळभातासाठी तूप आहे ना, ते वाटीत घालून आण."

मी त्या क्षणी यांना काहीतरी फेकून मारलं असतं. इटलीच्या भातावर तूप! आणि मागायला दुसरी वेळ नव्हती? तूप आलं. यांनी ते रिझोटोवर घेतलं, कालवलं, आणि शांतपणे जेवायला लागले. यशोधन आत जायला वळला, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून हाक आली.

तिथे चष्मा कपाळावर चढवलेला एक गृहस्थ होता, बायकोबरोबर. मघापासून त्याची कुरकुर माझ्या कानावर येतच होती.

"तुम्हीच मालक ना? हे काय आहे? कच्चं आहे."

"सर, पास्ता दाताला थोडा लागेल असाच ठेवतात," यशोधन म्हणाला. "तुम्हाला हवा तर मी अजून शिजवून आणतो."

"मला शिकवू नका. मी इटलीला जाऊन आलोय. अर्धवट शिजवायचं आणि वर नावं फॉरेनची ठेवायची. चव तर नाहीच कशाला."

"दुसरं करून देतो, सर."

"दुसरं काय देणार? हेच ना?" गृहस्थाने प्लेट ढकलली. आवाज आता सगळ्या हॉटेलात जात होता. "स्वतःच्या बापाला घालाल का हो असलं खायला?"

"घातलंय."

मी दचकले. आवाज माझ्या समोरून आला होता.

"त्याचा बाप मी," हे म्हणाले. घाटाच्या या टोकावरून त्या टोकाला जातो तो आवाज. "घातलंय त्याने मला. आणि मी जेवतोय."

गृहस्थ चष्मा डोळ्यांवर घेऊन यांच्याकडे बघत राहिला, मग पुटपुटला, "नाही, तसं नाही काका, मी आपलं..." यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. हे आपल्या ताटाकडे बघत होते. अर्धं स्पॅगेटी, तूप कालवलेला रिझोटो, पावाचा एक तुकडा. यांनी आयुष्यात ताटात एक शीत टाकलेलं मी पाहिलेलं नाही. पंगतीत जास्तीचं वाढलं गेलं तरी घामाघूम होऊन संपवणारा माणूस.

यांनी हात ताटावरून काढला आणि उठले.

"बाबा, बसा ना," यशोधन म्हणाला. "काही होत नाही. बसा."

"झालं माझं," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पायल ताट उचलायला आली, तर यशोधनने तिला थांबवलं. स्वतः दोन्ही हातांनी ताट उचलून आत घेऊन गेला. मी मागोमाग गेले. तो ओट्याशी उभा राहून ते उरलेलं खात होता. हाताने. तुपासकट.

"आई, बोलले गं," तो म्हणाला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, रडू आलं. पण दुसरंही काहीतरी झालं, आणि ते माझ्या लेकराच्या आनंदाच्या वेळी व्हायला नको होतं. मला प्रचंड राग आला. म्हणजे मोडता येत होतं! ते ब्रह्मदेवाने लिहिलेलं नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होते की हा माणूस नियमापुढे लाचार आहे, गॅस पेटला तरी बोलू शकत नाही. तर तसं काही नव्हतं. बोलावंसं वाटलं की बोलता येतं, एवढं सोपं. मला कुणी बोललं तेव्हा यांना तसं वाटलं नाही, एवढंच.

परतीच्या रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. हे दोनदा काहीतरी म्हणाले, खोदलेल्या रस्त्याबद्दल. मी माझं मौन पाळलं. संध्याकाळी यांनी संध्या केली आणि नुसतं पाणी पिऊन उपाशी झोपले. मी माझ्यापुरतं पिठलं केलं आणि जरा आवाज करतच जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे घाटावरून आले. चोवीस तासांचा उपाशी माणूस, चालताना भिंतीचा आधार घेत होता. मी पोळ्या, गवारीची भाजी, आमटी, भात सगळं वाढलं. हे पाटावर बसले आणि डावीकडे हात नेला. पाण्याचा तांब्या रोज तिथे असतो. आज तो माझ्या हातात होता.

"पाणी," हे म्हणाले.

"आधी बोला, मग पाणी."

"काय बोलू? ताट पुढ्यात आहे, मालिनी."

"असू दे. आपोष्णी झालेली नाही, नियम मोडत नाही. सासूबाई माझ्या स्वैपाकाला रोज नावं ठेवायच्या. तुमच्या देखत. सत्तावीस वर्षं. तेव्हा तुमच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. काल एका गिऱ्हाइकाने तुमच्या मुलाच्या शेवयांना नावं ठेवली आणि तुम्ही ताटावरून उठलात. माझ्यासाठी का नाही उठलात? एवढं सांगा. मग जेवा सुखाने."

हे गप्प झाले. मौन नसताना यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आमटीची वाफ थांबली.

"काल तो परका माणूस होता," शेवटी म्हणाले. "परक्याला बोलता येतं. आईला काय बोलणार होतो?"

"हेच उत्तर?"

"नाही." हे ताटाकडे बघून बोलत होते. "मला मीठ जास्त लागतं."

"काय?"

"तुझ्या आमटीत मला मीठ कमी पडतं. पहिल्यापासून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली, तो शब्द हा! "अहो, मग मागायचं नाही का? भात मागता, तूप मागता. काल परमुलखात तूप मागितलंत! मिठाला खूण नव्हती तुमच्याकडे?"

"होती." यांनी करंगळी वर केली. "अण्णा मागायचे तशी. पण आई समोर बसलेली असायची. मी करंगळी वर केली असती की तिला निमित्त मिळालंच असतं. दहा घरी सांगितलं असतं तिने, सुनेला मीठ घालता येत नाही, माझ्या मुलाला वरून घ्यावं लागतं. तिला बोलायची माझी छाती नव्हती. मग मी मागणंच सोडलं."

मी त्या करंगळीकडे बघत राहिले. लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर यांच्या सगळ्या खुणा पाठ केल्या होत्या, आणि ही एक मला कधी कळूच दिली नव्हती.

"सासूबाईंना जाऊन चौदा वर्षं झाली," मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"हो."

"मग चौदा वर्षं कुणाला घाबरत होतात?"

"मग सवय झाली," हे म्हणाले. "आता पुरेसं मीठ पडलं तर मला खारट लागेल."

मी तांब्या वाकवला आणि यांच्या तळहातावर पाणी घातलं. रागाने जरा जास्तच पडलं.